दोन्ही घरचा पत्रा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो. मी एक जुना पत्रा आहे. तलवार नाही, घड्याळ नाही, शाळेची घंटा नाही. नुसता पत्रा. मोठ्या वहीएवढा, एका अंगाला जरासा वाकलेला, दोन कोपऱ्यांना दोन भोकं. रस्त्यात पडलो तर भंगारवालासुद्धा दोनदा विचार करून उचलेल. पण एके काळी मी एका शर्यतीच्या गाडीच्या पोटात राहत होतो, आणि एका बाईचा जीव माझ्या पाठीशी होता. ही बढाई समजू नका. माझ्याजवळ मिरवण्यासारखं आता काहीच उरलेलं नाही.

एका कारखान्यात भल्यामोठ्या दाबयंत्राखाली माझा जन्म झाला. वरून एक दणका बसला आणि सपाट पत्र्याचा मी झालो. माझ्यासारखेच चेहरे असलेले ढीगभर भाऊ माझ्या आगेमागे जन्मले. कुणाचं बारसं नाही, कुणाला नाव नाही. इंजिनाला नंबर असतो, गाडीला नंबर असतो. आम्हाला एका खोक्यात घालून पाठवून दिलं.

गाडीत मला जागा मिळाली ती अशी. इंजिनाच्या कडेला एक मॅनिफोल्ड असतो. इंजिनातला जळका धूर ज्या नळ्यांतून गोळा होऊन बाहेर पडतो, तो हा मॅनिफोल्ड. आमचा जुन्या पद्धतीचा, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाडजूड होता. त्याला लागून टर्बो, म्हणजे त्या धुराच्या जोरावर गरगरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडी सुसाट सुटते. गाडी पळायला लागली की हे दोघे तापून लालबुंद होत. आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर ब्रेकचं मुख्य सिलिंडर आणि ब्रेक ऑइलची बाटली. लोक म्हणतात इकडे आड तिकडे विहीर. माझं इकडे आग आणि तिकडे तेल होतं. मधे मी.

आता एवढी एक गोष्ट नीट ऐका. ब्रेकचं पेडल दाबलं की ते तेल पुढे ढकललं जातं आणि चाकाजवळचे पॅड डिस्कला आवळून धरतात. तेल दबत नाही, म्हणून तर गाडी थांबते. पण तेच तेल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दबतात. मग पेडल खाली जातं आणि गाडी काही थांबत नाही. ते तेल उकळू नये म्हणून मी होतो. दुसरं काही काम मला येत नव्हतं. पण हे एक काम मी वर्षानुवर्षं मान न हलवता केलं.

गाडी होती वहिनीची. मी तिला वहिनी म्हणतो, कारण गॅरेजमध्ये सगळे तसंच म्हणत. आठवडाभर ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. घाबरट माणसांना शेजारी बसवून, "अहो काका, स्टिअरिंगला मिठी नका मारू, ते कुठे पळून जात नाहीये," असं म्हणत हसवत हसवत शिकवायची. आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर आमची गाडी घेऊन अशी पळवायची की बघणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळावं.

गॅरेज तिच्या नवऱ्याचं आणि नणंदेचं. नवरा म्हणजे दादा. त्याच्याकडे चाकं आणि ब्रेक. बोलणं कमी, हात स्वच्छ, प्रत्येक पाना पुसून जागेवर ठेवणारा. नणंद त्याची धाकटी बहीण. तिला सगळे ठिणगी म्हणत. ती वेल्डिंग करायची म्हणून, आणि दुसरं कारण तिच्यासमोर कुणी बोलायचं नाही. इंजिन, टर्बो, धुराच्या नळ्या हे सगळं तिचं राज्य. वहिनी तिला चिडवायला "वन्सं" म्हणायची. जुन्या वळणाचा हा मान ऐकून ठिणगी डोळे वटारायची आणि दोघी खिदळायच्या.

गॅरेज दोघांना वडिलांकडून मिळालं होतं. वडील गेले, पण त्यांचा एक नियम मागे राहिला. ज्याने खोललं त्यानेच बसवायचं. दुसऱ्याने खोललेल्या वस्तूला हात लावायचा नाही. फार चांगला नियम होता तो. त्यामुळे त्या गॅरेजमधून एकही गाडी सैल नट घेऊन बाहेर पडली नाही. म्हणजे दोघं एकमेकांशी बोलत होती तोवर पडली नाही.

भांडण जेवणाच्या टेबलावर झालं. वहिनीला एका मोठ्या संघाकडून निरोप आला होता. हंगामाच्या शेवटच्या ट्रॅकच्या दिवशी त्यांचा माणूस बघायला येणार होता. मनासारखी वेळ लागली तर पुढच्या हंगामात वहिनीला संघात जागा. गाडी सुधारायला हवी, यावर तिघांचं एकमत होतं. मतभेद झाला तो पुढे.

"आधी ब्रेक," दादा म्हणाला. "जोर वाढवून ठेवलास आणि थांबताच आलं नाही तर?"

"दादा, तू गाडी बनवतोयस की दगड? आधी मॅनिफोल्ड. त्या बिडाच्या ठोकळ्यात टर्बोचा जीव गुदमरतोय."

"तुझं डोकंच टर्बो आहे. नुसतं तापतं."

"आणि तुझं ब्रेक. कायम दाबलेलं!"

वहिनीला हसू आलं. तेवढ्यावर संपायला हवं होतं. पण जीभ एकदा सुटली की तिला कुठले ब्रेक? दादा म्हणाला, "मागच्या वेळी गाडी बंद पडली ती कुणाच्या कामामुळे, सांगू का?" ठिणगीचा चेहरा उतरला. ती ताट घेऊन उठली. "बाबा होते तोवर माझ्या कामाला किंमत होती," एवढं म्हणाली आणि आत गेली. दादाला ते लागलं. त्या दिवसापासून दोघांचा अबोला.

वहिनीने तोडगा काढला. "दोन्ही करा. ब्रेक तुमचे, इंजिन वन्संचं. आणि मला सुखाने चार घास खाऊ द्या." तिला वाटलं, कामाला लागली की विसरतील. पण सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ! एकाच गाडीच्या दोन बाजूंना वाकून दोघं हवेशी बोलायला लागली.

"कुणीतरी माझा बारीक पाना नेलाय."

"कुणाला हवा असेल तर खिडकीत आहे म्हणावं."

"खिडकीत पाने ठेवायची पद्धत नवीन दिसते."

मला सुरुवातीला गंमत वाटली. माणसं रुसतात आणि पुन्हा गोड होतात, हे मी पाहिलं होतं. मला काय माहीत, यांचा रुसवा माझ्याच अंगावरून जाणार आहे!

दादाने ब्रेकचं काम काढलं. काय काम होतं ते, मित्रांनो! ताटाएवढ्या नव्या डिस्क, कडेने खाचा मारलेल्या. त्यांना दोन्ही बाजूंनी आवळणारे नवे कॅलिपर. रबरी नळ्यांच्या जागी वर स्टीलची जाळी विणलेल्या नळ्या. मग त्याला मुख्य सिलिंडर बदलायचं होतं आणि त्याच्या वाटेत मी. माझा एक बोल्ट गंजला होता. दादाने त्यावर तेल सोडलं, धीर धरला, हलक्या हाताने सोडवला. मला कुठे खरचटू दिलं नाही. मग मला हातात धरून क्षणभर उभा राहिला. माझे बोल्ट मॅनिफोल्डमध्ये बसतात. म्हणजे मी धुराच्या कामाचा, म्हणजे ठिणगीचा. त्याने मला नेऊन तिच्या टेबलावर ठेवलं. एक शब्द बोलला नाही.

नंतर वहिनीला सीटवर बसवून त्याने तेलातली हवा काढली. तो चाकाशी बसून म्हणायचा, "दाब... धर... सोड." ती दाबायची, धरायची, सोडायची. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत त्याने हे केलं, आणि मग चारही चाकांना पुन्हा एकदा केलं. "अहो, माझ्या पायाला गोळे आले," वहिनी कुरकुरली. तो म्हणाला, "येऊ देत." मी टेबलावरून पाहत होतो. दादाच्या ब्रेकमध्ये हवा राहिली नव्हती. हे ध्यानात असू द्या. पुढे फार उपयोगी पडेल असं नाही, पण असू द्या.

ठिणगीने तिकडे नवा मॅनिफोल्ड उभा केला. चकचकीत स्टीलच्या चार नळ्या कापून, वळवून, जोडून तिने असा घाट आणला होता की वेल्डिंगचा टाका बोटाला लागू नये. टर्बो आता पूर्वीपेक्षा वर आला. ब्रेकच्या सिलिंडरच्या आणखी जवळ. बिडाचा म्हातारा मॅनिफोल्ड काढून कोपऱ्यात टाकला गेला. माझा इतक्या वर्षांचा शेजारी. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. गरज सरो, वैद्य मरो. म्हटलं, निदान आपल्याला तरी पुन्हा काम आहे.

ठिणगीने मला उचललं. नव्या मॅनिफोल्डजवळ धरून पाहिलं. माझा एक कोपरा नळीला अडकत होता. तो कोपरा कापायचा, एक पट्टी वेल्ड करायची, की मी बसलोच. तिच्या हातांना हे काम म्हणजे चहा गार होण्याआधी उरकणारं. तिने खडू घेऊन माझ्या कोपऱ्यावर रेघसुद्धा मारली.

मग ती थांबली. दादा पाठमोरा बसला होता. मला काढलं होतं त्याने. त्याने खोललेला पत्रा, आणि कापायचा म्हणजे त्याला विचारायला हवं. "दादा, हा कापू का?" चार शब्दांचं काम. तिने तोंड उघडलेलं मी पाहिलं. दादाने तेव्हाच मान वळवली, तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा फिरवली. तिने तोंड मिटलं.

"ज्याने काढलाय तो बघेल," ती पुटपुटली आणि मला फळीवर ठेवून दिलं. नळ्यांवर तिने उष्णता अडवणारी कापडी पट्टी गुंडाळली. नळ्यांना ती पुरेशी होती. टर्बोला कोण गुंडाळणार?

दादा शेवटचं बघायला आला तेव्हा मी जागेवर नाही हे त्याला दिसलं. दिसलं, मित्रांनो! त्याचा हात त्या रिकाम्या जागेवर थबकला. मग त्याने पट्टी पाहिली. पत्र्याऐवजी ही गुंडाळली असेल, असं त्याला वाटलं असणार. इंजिन तिचं, तिला कळतं. तिच्या कामावर एकदा बोललो तर महाभारत झालं, आता कशाला? त्याने बॉनेट लावलं.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तो मी. मी एकट्या ब्रेकचा असतो तर दादाने बसवला असता. एकट्या इंजिनाचा असतो तर ठिणगीने. मी दोघांचा होतो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, आणि ते शेपूट म्हणजे मी, फळीवर बसून खालच्या बंद बॉनेटकडे बघत होतो.

ट्रॅकच्या दिवशी सकाळी वहिनी सामान भरत होती. चहाचे पेले ठेवायला काहीतरी सपाट हवं होतं तिला. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. "वा! ट्रे मिळाला." फडक्याने मला पुसलं, खडूची रेघ पुसली, आणि पेल्यांच्या पिशवीत खोचलं. जिच्यासाठी मी जन्मलो तिच्या हातात मी होतो. ती माझ्याकडे बघून गाणं गुणगुणत होती. मला ओरडता आलं असतं तर मी तिथेच ओरडलो असतो.

पहिली फेरी झकास झाली. गाडी वाऱ्यासारखी आली आणि दादाच्या ब्रेकवर जिथल्या तिथे थांबली. संघाचा माणूस काळा चष्मा कपाळावर सरकवून घड्याळाकडे बघत राहिला. "पुन्हा एकदा अशीच आली तर बोलू आपण," तो म्हणाला. वहिनी लहान पोरीसारखी उड्या मारत खाली उतरली.

गाडी सावलीत उभी केली. खरा धोका तिथेच सुरू झाला. पळताना निदान वारा लागतो. उभ्या गाडीत टर्बोची सगळी धग कोंडून राहते आणि बाजूला जाते. बॉनेट उघडलं असतं तर थोडी निघून गेली असती. पण उघडायचं कुणी? दादाला वाटलं ठिणगी उघडेल, ठिणगीला वाटलं दादा उघडेल. दोघं दोन बाजूंना उभी. मधे एका स्टुलावर मी, आणि माझ्यावर तीन चहाचे पेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. गाडी माझ्यापासून चार पावलांवर होती.

संघाचा माणूस हात हलवून बोलवायला लागला. वहिनी गाडीत बसली. पेडल दाबलं. पुन्हा दाबलं.

"अहो, पेडल जरा मऊ लागतंय."

दादा धावत गेला. "किती?"

"दोनदा दाबलं की येतंय वर."

"हवा राहिली असेल कुठेतरी. उतर, आत्ता काढतो."

"बाई, ट्रॅक बंद होतोय," तिकडून संघाचा माणूस ओरडला. "यायचं तर आत्ता, नाहीतर राहू दे."

वहिनीने दादाकडे पाहिलं. अशा वेळी माणूस कसं बघतो, तसंच. "दोनदा दाबून घेईन मी. येतंय ना वर. घरी गेल्यावर काढा हवा."

दादाचं मन मानत नव्हतं. पण तिचा चेहरा बघून त्याच्याने नाही म्हणवेना. त्याने मान हलवली.

आणि ठिणगी? "मऊ" हा शब्द ऐकून तिने झटकन वर पाहिलं होतं. तिची नजर बॉनेटवर गेली. काहीतरी तिच्या मनात आलं, मी शपथेवर सांगतो, आलं. पण ब्रेक दादाचे. बोलले तर म्हणेल, माझ्या कामात नाक खुपसते. तिने हात पुढे केला आणि माझ्यावरचा आपला पेला उचलला.

मित्रांनो, मला डोळ्यांनी ट्रॅक दिसत नव्हता, पण आवाज सगळा ऐकू येत होता. लांब सरळ रस्ता संपला की वळणाआधी ब्रेक लागतो आणि इंजिनाचा आवाज खाली येतो. मी त्या आवाजाची वाट पाहत होतो. तो खाली आला नाही. मग गिअर खाली टाकल्याची किंकाळी आली, एकदा, पुन्हा एकदा. तिने जे जे करता येतं ते सगळं केलं. मग वाळूत घुसल्याचा आवाज, आणि शेवटी भिंतीपाशी रचलेल्या टायरांवर एक धप्प आवाज. फार मोठाही नव्हता तो. दादा धावला, ठिणगी धावली. कुणाचा तरी धक्का लागून स्टूल कलंडलं आणि मी पेल्यांसकट मातीत पालथा पडलो.

वहिनी वाचली. हे आधी सांगतो, कारण तुमचे चेहरे उतरलेले मला दिसतायत. पण ब्रेकच्या पेडलवरचा तिचा उजवा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चेंगरला होता. तो जोडला गेला, बरा काही झाला नाही. आता ती काठी घेऊन चालते. शर्यत तर गेलीच, शिकवणंही गेलं. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो वेळेवर दाबण्याइतका जोर त्या पायात राहिला नाही.

गाडी ओढून आणली. पुढचा भाग चेपला होता, बॉनेट अडकून बसलं होतं. दादाने पेडल दाबलं. घट्ट! तेल गार झालं की पुन्हा शहाण्यासारखं वागायला लागतं. मग त्याने चाकापाशी नट सोडून पाहिलं, आणि तेलाबरोबर एक बारीकसा बुडबुडा बाहेर आला. एकच. दादा तिथेच जमिनीवर बसला.

"हवा," तो म्हणाला. "मी हवा ठेवली."

नाही रे दादा, नाही! ती हवा नव्हे, ते उकळलेल्या तेलाचं उरलंसुरलं होतं. ट्रॅकवरच्या सामानाबरोबर मीही परत आलो होतो, आणि दारामागे टांगलेला हे सगळं ऐकत होतो. तुम्हाला कधी असं झालंय का, की कुणीतरी तुमच्यासमोर स्वतःला बोल लावतंय, ते खोटं आहे हे फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि तुमच्या तोंडाला कुलूप आहे? मला रोज होत होतं.

दादाने ब्रेकचं काम सोडलं. गिऱ्हाईक विचारायचं, "का हो, तुमचं तर नाव होतं ब्रेकमध्ये?" तो म्हणायचा, "जमत नाही आता." चाकं बदलायचा, ऑइल बदलायचा, इतरांनी सोडलेले भाग रॉकेलमध्ये धूत बसायचा. अबोला तेवढा संपला. दवाखान्यात पहिल्याच दिवशी संपला. आता ठिणगी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "दादा, चूक माणसाच्या हातूनच होते रे. किती मनाला लावून घेशील?" तिने अगदी मोठ्या मनाने त्याला माफ केलं होतं. ते मला बघवत नसे.

खूप दिवसांनी ठिणगीला वहिनीच्या पायासाठी एक टेकू बनवायचा होता. खुर्चीत बसल्यावर पाय उंच ठेवायला. त्याला पत्रा हवा होता. तिने मला दारामागून काढलं आणि चहाचे डाग घालवायला तारेचा ब्रश घेऊन घासायला लागली. घासता घासता तिने मला उलटं केलं. मग सुलटं. मग पुन्हा उलटं. माझं एक अंग जळून निळं-काळं पडलं आहे, आणि दुसरं अंग बसवलं त्या दिवशी होतं तसंच कोरं आहे. डाग कितीही घासा, ते निळं-काळं जायचं नाही.

तिचा हात थांबला. ती मला घेऊन मागच्या अंगणात गेली, गाडीवरची ताडपत्री ओढली, पहार घालून ते अडकलेलं बॉनेट उचकटलं. आत टर्बो. त्याच्या शेजारी ब्रेक ऑइलची बाटली, टर्बोकडच्या बाजूने पिवळी पडून मेणासारखी ओघळलेली. तिने मला त्या दोघांच्या मधे धरलं. कोपरा अडकला, पूर्वी अडकला होता तसाच.

"अगं बाई गं," ती हळूच म्हणाली. मग मला छातीशी धरून गाडीच्या चाकाला टेकून बसली आणि रडली. मी तिच्या हातात होतो. आता तरी हिला कळलं, असं वाटून मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं. आता ती जाऊन सांगेल, दादाच्या छातीवरचा धोंडा उतरेल, असं मला वाटलं.

ती आत गेली. टेबलाशी दादा भाजी निवडत बसला होता, वहिनी समोर पाय लांब करून. ठिणगीने मला टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे हवा नव्हती?" दादा म्हणाला.

"नव्हती. तेल उकळलं. तुझे ब्रेक बरोबर होते, दादा. हा पत्रा मी बसवला नाही. चूक माझी."

दादाचा चेहरा क्षणभर असा सैल पडला की तो मला पूर्वीचा दिसला. मग त्याने मला ओढून घेतलं आणि माझ्या भोकांवरून बोट फिरवलं.

"काढला कुणी होता हा?"

ठिणगीने मान खाली घातली.

"मी काढला. मग बसवायचा कुणी? मीच. चूक माझीच की."

"अरे पण मॅनिफोल्ड माझा होता! विचारायला हवं होतं मी."

"मी बघितलं होतं ना, पत्रा नाहीये म्हणून. बघून बॉनेट लावलं मी."

"ते माझ्यावर विसंबून लावलंस. दोष माझा."

"कसा तुझा? तूच सांग, नियम काय आहे?"

आवाज चढले. दोघं माझ्या दोन कडा धरून एकमेकांवर ओरडायला लागली. ठिणगीला वाटलं होतं, खरं सांगून भावाचं ओझं उतरवू. ते उतरलं नाहीच, वर तिचंही एक झालं. वरातीमागून घोडं आलं ते असं.

वहिनीने काठी टेबलावर आपटली. इतक्या दिवसांत ती एकदाही रागावली नव्हती. ना दवाखान्यात, ना कुबड्यांवर. आता तिचा आवाज कापत होता.

"बास करा! चूक वाटून घ्यायला किती छान बोलता येतंय दोघांना. माझा पाय कुणाच्या खात्यात टाकायचा, ते ठरवताय होय? त्या दिवशी यातलं एक वाक्य बोलला असतात! एक! मी दोघांच्या मधे उभी होते, चहाचा पेला हातात घेऊन."

ती उठायला लागली. दादाने हात पुढे केला, तिने तो घेतला नाही. ठिणगी खुर्ची सरकवायला गेली, तिने मानेनेच नको म्हटलं. एक एक पाऊल टाकत ती आतल्या खोलीत गेली. तिने दार आपटलं नाही. दार आपटायला दोन्ही पायांवर नीट उभं राहावं लागतं.

दोघं भावंडं टेबलाशी बसून राहिली. त्यांच्या मधे मी, आणि अर्धवट निवडलेली भाजी. मी धग अडवायला जन्मलो, मित्रांनो. त्या दुपारी त्या टेबलावर जी धग होती, ती माझ्यासारख्या हजार पत्र्यांनी अडली नसती.

तुमच्या घरातही अशी कामं असतील, जी धड याचीही नसतात आणि धड त्याचीही नसतात. मधली कामं. ती करणाऱ्याला शाबासकी मिळत नाही, आणि राहिली तर ती कुणाची हेही कळत नाही. रुसायचं तर खुशाल रुसा, माणसं रुसणारच. जेवणावर रुसा, कपड्यांवर रुसा, हवं तर आठवडाभर तोंड फुगवून बसा. फक्त अशा कामापुरतं एकदा तोंड उघडा आणि विचारा, "हे तू लावतोस, की मी लावू?" समोरचा खेकसला तर खेकसू द्या. त्याने तुमचं काही जात नाही.

मी त्या फळीवर बसून हे एवढं वाक्य कुणीतरी म्हणेल म्हणून वाट पाहिली होती. तुम्हाला तोंड आहे. मला असतं, तर वहिनी आज धावली असती.